पहिल्या पातीवरची मावशी

आमच्या उमरीकडं सोयाबीन काढायला बायका गुत्तं घेतात, म्हणजे अख्ख्या वावराचं काम एकदम ठरवून टाकतात. आम्ही अकराजणी होतो. प्रत्येकीनं एक पात धरायची, आपल्या वाट्याच्या ओळी कापत पुढं जायचं. पहिली पात गल्लीतल्या एका मावशीची. तिला कुणी नेमलं नव्हतं. ती वाकली की आम्ही वाकायचो, ती पाणी प्यायला उठली की आम्हाला तहान लागायची. कुणी मागं पडली तर शेजारच्या दोघी तिची पात ओढून घ्यायच्या, कुणी वर तोंड करून बघायचंसुद्धा नाही.

मी पडले बी.ए. झालेली. मला हे सगळं लई अडाणीपणाचं वाटायचं. बाई गं, काही नियम नकोत का? एका रविवारी सगळ्यांना विहाराच्या ओट्यावर बसवलं आणि वहीतून वाचून दाखवलं. सातच्या आत वावरात. उशीर झाला तर एक पात जास्तीची. जिची तिनं आपली पात संपवायची. सगळ्या हाव हाव म्हणाल्या. मला वाटलं, झालं काम!

तिसऱ्या दिवशी मावशीच उशिरा आली. नातवाला ताप होता म्हणे. मी वही काढली. आता सांगतानासुद्धा माझंच थोबाड फोडावंसं वाटतं. मावशीनं जास्तीची पात कापली, आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. मग बाकीच्यांनाही एकेक निमित्त सापडलं. कुणाची कंबर धरली, कुणाकडं पाहुणे आले. आठवड्याभरात टोळीत मी आणि माझी वही उरलो.

नेमकं तेव्हाच आमचं स्वतःचं दोन एकर वाळून कडक झालं. उन्हानं शेंगा तडकायला लागल्या, दाणे मातीत. आमचं वर्ष त्याच्यावर. नवरा म्हणाला, "वाच की आता शेंगांना तुझे नियम."

संध्याकाळी मावशीच्या दारात गेले. रडूच फुटलं. "मावशी, चुकलं माझं. बायकांना सांगा की, त्या तुमचं ऐकतात."

"मी कुणाला सांगत न्हाई बाई," मावशी म्हणाली. "आजवर सांगितलं का कदी? बस, चहा घे."

चहा पिऊन उठले. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

सकाळी दिवस उगवायच्या आत मी बांधावर उभी. मावशी आली, पहिली पात धरली. मी गुमान दुसरी धरली. थोड्या वेळानं मागं बोलणं ऐकू आलं, वळून बघते तर उरलेल्या नऊच्या नऊ! दिवस मावळायच्या आत रान मोकळं झालं.

घरी जाताना एकीला हळूच विचारलं, "काल मावशी तुमच्याकडं आली होती का गं?"

"न्हाई की. अंगणात बसून विळ्याला धार लावून राहिली होती, ते दिसलं. मग आमी बी लावली."