हौदाची ओटी

इस्लामपूरच्या बाहेर, उसाच्या रानाला लागून, शेवाळाचे हौद होते. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती, म्हणजे नव्वद सालानंतरची गोष्ट. हौद गुडघाभर खोल, आत काळं प्लास्टिक, आणि खायच्या सोड्याच्या पाण्यात वाढलेलं हिरवं शेवाळ. बांबूला बांधलेल्या झाडूने आम्ही बायका ते दिवसभर ढवळायचो. मग फडक्यातून गाळून, सोऱ्यातून शेवयांसारखं पाडून वाळवायचो. त्याच्या ताकदीच्या गोळ्या होत. अंगाला मासळीचा वास यायचा, पण ऊसतोडीपेक्षा बरं होतं. नवरा पाठ धरून घरी बसलेला, त्यामुळे घर या कामावरच चालायचं.

मग शिकलेले एक साहेब नवं शेवाळ घेऊन आले. त्याच्या बीजातला एक तुकडा काढून दुसऱ्या जातीचा बसवलाय, म्हणून ते पोटात तेल साठवतं, असं त्यांनी आम्हाला उभं करून सांगितलं. उद्या ट्रॅक्टर यावर चालतील म्हणाले.

माझ्या शेजारची म्हातारी मावशी पुटपुटली, "आदी ह्येंची जीप चालू हुंदे. रोज आपुनच ढकलतोय."

साहेबांनी नव्या हौदाचं उद्घाटन ठेवलं. पुढाऱ्याच्या वहिनीसाहेब आल्या. फोटोवाला आला. साहेबांनी काचेच्या चंबूतलं शेवाळ शेवटच्या थेंबापर्यंत हौदात ओतलं आणि टाळ्या घेतल्या. मग वहिनीसाहेबांनी विहिरीची भरतात तशी हौदाची ओटी भरली. खण-नारळ, मूठभर तांदूळ, हळदीकुंकू, आणि वर तांब्याभर नाही, चांगली कळशीभर पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर. बीजाचा तुकडा बदलणारा माणूस डोक्यावर टोपी घालून शेजारी हात जोडून उभा होता. दूध उन्हात नासतं, हे त्याला कुठल्या वर्गात शिकवलं नसावं. मी चौथी शिकले, मला माहीत होतं. पण बोलले नाही. मी कुठेच बोलत नसे.

हळदीकुंकवाचं ताट माझ्यापुढे आलं तेव्हा मी मागे सरले. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडले होते. आमच्यात ते चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी हौद पिवळा पडला, वर फेस आला. वास असा की मावशीने पदर नाकाला लावला. साहेबांनी कडेने दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "या हौदावर कोण होतं?"

मुकादमाने माझ्याकडे बोट केलं. "हीच हुती. वटीच्या वक्ताला हिनं कुंकूबी लावून घेतलं न्हाई."

"हात धुऊन काम करत नाहीत या बायका," साहेब म्हणाले. "उद्यापासून हिला बोलावू नका. सगळं बीज गेलं माझं."

सगळं गेलं नव्हतं. उद्घाटनानंतर तो चंबू मलाच घासायला दिला होता. तळाशी हिरवा गाळ चिकटून राहिला होता. घरी दही लावणारी बाई विरजण कधी संपवत नाही. मी तो गाळ लोणच्याच्या बरणीत सोड्याच्या पाण्यात घातला आणि घरी कौलांवर उन्हात ठेवला. रोज या हातांनीच हलवत होते.

दुसऱ्या दिवशी बोलावणं नसताना गेले. साहेबांच्या टेबलावर बरणी ठेवली. आत शेवाळ दाट, गर्द हिरवं.

"हे तू घरी नेलंस? चोरी आहे ही," ते म्हणाले. मग बरणी उजेडात धरली आणि फिरवून फिरवून पाहिली.

मावशी दारातनं म्हणाली, "आवं सायेब, हात तर तेच हायती तिचे."

साहेबांनी बरणी ठेवून घेतली. दुपारी पाहुण्यांना सांगत होते, "मी थोडं राखून ठेवलंच होतं." मला ऐकू येत होतं, हे त्यांनाही दिसत होतं. पुढे दोन वर्षांत त्या शेवाळाच्या तेलावर ट्रॅक्टर सोडा, समई पेटलेली मी पाहिली नाही.

मला मात्र परत कामावर घेतलं. आठवड्याने साहेब म्हणाले, "शुक्रवारी बरणीतलं शेवाळ हौदात सोडतोय, वहिनीसाहेब परत ओटी भरणार आहेत. तू जरा लांब उभी राहा."

मी हातातला झाडू कडेला टेकवला. मी म्हणाले, "साहेब, मी लांब ऱ्हाते. पण हौद नासला की मलाच काडाल. दूध घालू नका."

"मला विज्ञान शिकवू नकोस," ते म्हणाले.

पण शुक्रवारी त्यांनी कडेच्या रिकाम्या हौदात पाणी भरायला लावलं आणि जुन्या शेवाळाच्या चार बादल्या ओतून ते हिरवं केलं. वहिनीसाहेबांनी त्याचीच ओटी भरली. साहेबांनी पुन्हा टोपी घातली, फोटो निघाले. मावशी पदरात तोंड लपवून हसत होती. मी पलीकडच्या, बरणीतलं शेवाळ सोडलेल्या हौदात झाडू फिरवत होते. संध्याकाळी मुकादमाने माझ्याकडे न बघता माझी हजेरी लावली.