मामांनी भरवलेली नेमबाजी

जगातली कोणतीही वस्तू आहे तशी चालेल, हे मान्य न करणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा डोंबिवलीत राहायचे. कोलशेतच्या एका कारखान्यातल्या गेज रूममध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. तयार झालेला प्रत्येक भाग मापाला बरोबर आहे की नाही, हे तिथे ठरायचं आणि ते मामा ठरवायचे. शर्टाच्या ज्या खिशाला इतर लोक पेन लावतात त्या खिशाला मामा व्हर्निअर, म्हणजे जाडी-रुंदी केसभरापर्यंत मोजायचं माप, लावत. शेजारी दोन पेन्सिली असत. लाल पेन्सिल नापास मालावर फुली मारण्यासाठी, हिरवी पास मालावर ठिपका देण्यासाठी. लाल पेन्सिल कायम बोटभर उरलेली दिसायची. हिरवी मात्र माझ्या लग्नात पाहिली तेव्हा पूर्ण लांबीची होती आणि पुढेही तशीच राहिली.

ही सवय घरापुरती असती तर बातमी झाली नसती. मामी पोळ्या करत असल्या की मामा तव्यावरून उतरलेली पोळी उजेडात धरत आणि "कडेला जाड आहे, रिजेक्ट," म्हणून तीच खात. माझ्या मेहुणीच्या लग्नात त्यांनी अंतरपाटाची दोन टोकं धरणाऱ्या भटजींना मधेच थांबवून डावं टोक दीड इंच खाली असल्याचं निदर्शनास आणलं होतं. मुहूर्त टळता टळता राहिला. फडके रोडवरून आणलेला कपबशांचा सेट ते तीनदा बदलायला गेले, कारण सहा कानांपैकी एकाचा कोन वेगळा होता. चौथ्या वेळी दुकानदाराने त्यांना लांबून पाहिलं आणि शटर अर्धं ओढलं. मी त्या काळी ठाण्याच्या एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. रोज सकाळी त्याच्या पहिल्या पानावरच्या चुकांवर लाल फुल्या मारून तो अंक मामा टपालाने मला पाठवत. बरोबर पत्र नसे. अंक पुरेसा असे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कारखान्याने गेज रूम बंद केली आणि मामा घरी बसले. त्यानंतर त्यांनी बरंच काही सुरू केलं. गच्चीवर अळंबी लावली, पण दोन टोपल्या एकसारख्या येईनात म्हणून सोडून दिली. सोसायटीचं वाचनालय काढलं आणि पुस्तकांच्या उंचीप्रमाणे कपाट बनवून घेण्यात ते बारगळलं. एका रविवारी मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं. "जावईबापू, आता ते नेमबाजीची स्पर्धा भरवणार म्हणतायत. तुम्ही हसू नका. कंपनी सुटल्यापासून यांचं एकही काम पार पडलेलं नाही. माणूस आतून खचत चाललाय. ही एवढी एक गोष्ट पार पडू दे." बाहेरच्या खोलीत मामा टेपने खोलीची लांबी मोजत होते. मी हसलो नाही. मी प्रसिद्धीप्रमुख झालो.

मामांनी आयुष्यात बंदूक धरलेली नव्हती. हे त्यांच्या मते अडचणीचं नव्हतं. "मीही लेथ चालवत नव्हतो, पण लेथवाल्याचा माल मीच पास करायचो," ते म्हणाले. त्यांनी प्रथम बेचाळीस नियम लिहिले. नियम सतरा: स्पर्धकाने श्वास रोखावा, मात्र आवश्यकतेपेक्षा अधिक काळ रोखू नये. नियम तेवीस: नेम धरलेल्या स्पर्धकाशी त्याच्या नातेवाइकांनी बोलू नये. मग आम्ही परवानगीसाठी पोलीस चौकीत गेलो. अर्ज मामांनी स्वतः लिहिला होता. रविवारी सकाळी आठ ते बारा या वेळेत आमच्या सोसायटीमागे गोळीबार करण्यास परवानगी मिळावी, असं त्यात होतं. हवालदारांनी तो दोनदा वाचला, मामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काका, नेमबाजी लिहा ओ. गोळीबार लिहिलंत तर मलाच यायला लागेल, पंचनाम्याला." मामांनी अर्ज बदलला आणि जाता जाता हवालदारांच्या पट्ट्याचं बक्कल मध्यावर नसल्याचं त्यांना सांगितलं. परवानगी तरीही मिळाली, ती का, हे मला अजून उमगलेलं नाही.

बंदुकांचा प्रश्न त्यांनी ज्या पद्धतीने सोडवला ती फक्त त्यांनाच सुचू शकते. रायफल क्लब वगैरे लांबचे पर्याय बाजूला ठेवून ते कल्याणला गेले आणि जत्रांतून फुगे फोडायचा स्टॉल लावणाऱ्या एका माणसाकडून छर्ऱ्याच्या तीन बंदुका ठरवून आले. पुढच्या रविवारी सोसायटीमागच्या, ठाकुर्लीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, मागे विटांची जुनी भिंत धरून, चाचणी झाली. चाचणी मी दिली. मी पोत्यावर पालथा पडून काळ्या ठिपक्यावर छर्रे मारत होतो आणि मामा प्रत्येक भोक व्हर्निअरने मोजून वहीत टिपत होते. तीन तासांनी माझा खांदा बधिर झाला आणि मामांचा चेहरा उजळला. तिन्ही बंदुका सारख्याच चुकत होत्या. छर्रा दर वेळी ठिपक्याच्या डावीकडे, चार बोटं खाली लागत होता.

"मग बंदुका बदला," मी म्हणालो.

"कशाला? चूक कायम असेल तर ती चूक नसते, जावईबापू. ते माप असतं. ते वजा करायचं."

त्यांनी वजा केलं. सायक्लोस्टाइल करून आणलेल्या नेमाच्या कागदावर काळा ठिपका उजवीकडे वर होता आणि गुणांची वर्तुळं डावीकडे खाली. नेम ठिपक्यावर धरायचा, गुण वर्तुळांत मिळायचे. बंदुकीचा दोष कागदाने फेडायचा. मी बातमीदारीत अनेक खुलासे ऐकले आहेत. इतका शास्त्रशुद्ध आणि इतका वैताग आणणारा खुलासा दुसरा ऐकलेला नाही.

स्पर्धेच्या दिवशी तीस स्पर्धक आले. प्रत्येकाला पाच छर्रे. त्यांत कोलशेत कोळीवाड्यातला, मामांच्या गेज रूममध्ये वीस वर्षं मदतनीस असलेला एक गृहस्थ होता. मामा त्याला नाखवा म्हणत. खाडीत पहाटे होडी घालून मग कारखान्याला येणारा, हाताचा स्थिर, बोलायला कमी. तो पालथा पडला, पाच वेळा चाप ओढला आणि उठला. पाचही छर्रे काळ्या ठिपक्यात बसले होते. वर्तुळांत एकही नव्हता. मामांनी कागद पाहून मोठ्याने शून्य जाहीर केलं. मागून कोणीतरी ओरडलं, "नाखवा, जाळं टाका, जाळं!" सगळे हसले. नाखवा मामांजवळ गेला. "साहेब, मी काल्यावरच मारलंय. कागद खोटा हाय तुमचा." मामा त्याला म्हणाले, "नियम नऊ वाच. नेम ठिपक्यावर, गुण वर्तुळांत." त्याने वाचला नाही. पायात चपला सरकवल्या आणि तो चालू लागला.

महिला गटात कोणीच नव्हतं आणि नियम एकतिसानुसार तो गट रिकामा ठेवता येत नव्हता. म्हणून स्वयंसेवकांसाठी पोहे घेऊन आलेल्या मामींना आणून झोपवण्यात आलं. मामींनी तोंड फिरवलं, डोळे गच्च मिटले, "अहो, हे फुटणार नाही ना?" असं विचारलं आणि जड बंदूक डावीकडे कलत असतानाच चाप ओढला. असं पाच वेळा. त्यांचे चार छर्रे वर्तुळांत गेले, त्यांतला एक थेट मध्यभागी. सर्व गटांत प्रथम क्रमांक मामींचा आला. बक्षीस द्यायला बोलावलेल्या नगरसेवकांनी त्यांना कप दिला, हार घातला, चार शब्द बोलले. मामींनी मला डोळ्यांनी खूण केली. पार पडलं, असा तिचा अर्थ होता. मी कार्यालयात जाऊन सोळा ओळींची बातमी दिली.

पण मी निघण्याआधी फुगेवाला बंदुका न्यायला आला होता आणि त्याने जे सांगितलं ते मी ऐकलं होतं. बंदुकीच्या टोकावर नेम धरायची जी बारीक खूण असते, तिला बोट लावून तो म्हणाला, "साब, मेले में ये मक्खी तिरछीच रखनी पडती है, नाहीतर सगळे फुगे फुटतील, मी खाऊ काय? पण तुमचा इज्जतीचा मामला. कल बैठके तिन्ही सरळ करून दिल्या. मस्त चालल्या ना?" मामांनी एकतीसही कागद गोळा केले, काठ जुळवले आणि छातीशी धरून घरी नेले.

सोमवारी कार्यालयात फोन आला. "जावईबापू, निकाल रिजेक्ट." संध्याकाळी मी डोंबिवलीला गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर एकतीस कागद ओळीने मांडले होते. ठिपका मध्य धरून मामांनी प्रत्येक भोक नव्याने मोजलं होतं. कप शोकेसमध्ये होता. मामी दारातच माझ्यावर तुटून पडल्या.

"यांचं काही छापू नका. हार झाले, भाषणं झाली, लोक पोहे खाऊन घरी गेले. आता परत रद्द म्हणालात तर हेही अर्धवटच राहिलं ना!"

"तुझा नंबर एकतिसावा आला," मामा वर न पाहता म्हणाले.

"येऊ दे! तो कप द्या कोणाला द्यायचा त्याला, मला काय करायचाय? पण स्पर्धा झाली नाही असं म्हणू नका."

मामांनी व्हर्निअर खाली ठेवला. "झाली नाही असं कोण म्हणतंय? स्पर्धा चोख झाली. माल चांगला होता. गेज चुकीचं होतं." मग मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या आवाजात ते म्हणाले, "वीस वर्षं तो माझ्या हातात माल देत होता. मी त्याला सगळ्यांसमोर शून्य दिलं."

मामींनी शोकेस उघडली, कप काढला, पदराने पुसला आणि पिशवीत घातला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं कोलशेतला गेलो. नाखवा ओट्यावर जाळं विणत होता. मामांनी कप आणि नवं प्रमाणपत्र त्याच्यासमोर ठेवलं, त्याचा कागद उलगडला आणि पाच भोकांची पाच मापं एकेक करून वाचून दाखवली. नाखवाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "माप कशाला, साहेब? मना ठावं होतं," तो म्हणाला. "बसा आता. चा घेतल्याबिगर सोरनार नाय." मामा बसले. ओटा एका बाजूला उतरता होता. ते त्याबद्दल काही बोलले नाहीत.

दुरुस्ती मी छापली. एक कॉलम, सात ओळी: प्रथम क्रमांकाचं नाव, आणि गुण मोजण्यात आयोजकांची चूक झाली हे वाक्य, जसं मामांनी सांगितलं तसंच. तो अंक टपालाने परत आला नाही. त्यानंतर त्यांनी कुठलीच स्पर्धा भरवली नाही. लाल फुल्यांचे अंक मात्र शेवटपर्यंत येत राहिले. मामा गेल्यावर तेराव्याला डोंबिवलीला गेलो तेव्हा शोकेसमध्ये, कपाच्या जागी, काचेच्या चौकटीत ते सात ओळींचं कात्रण होतं. मी ते कधी नीट पाहिलं नव्हतं. मामींनी ते काढून माझ्या हातात दिलं. "आपली एकच गोष्ट पार पडली, म्हणायचे," त्या म्हणाल्या. कात्रण पिवळं पडलं होतं. खालच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका होता. त्यांचा व्हर्निअर आणि दोन पेन्सिली शेजारीच ठेवलेल्या होत्या. हिरवीला एकदाच टोक काढलेलं दिसत होतं.