हिरव्या पेनाचा शेरा

२८ मे. गच्चीवर वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकांची पुतणी रडत वर आली. हातात नामंजूर झालेला अर्ज. तिच्या वडिलांनी वारण्यापूर्वी तिच्या शिक्षणासाठी ट्रस्ट केला आणि पैसे कधी, किती द्यायचे ते काकांच्या मर्जीवर सोडलं. नर्सिंगची फी भरायला दोनच दिवस उरले होते.

काका निवृत्त झाले, पण साहेबी सुटली नाही. सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारीवरही ते हिरव्या पेनाने शेरा मारतात, खाली सही आणि तारीख. पुतणीलाही रीतसर अर्ज करायला लावला.

मी तशीच खाली गेले. "काका, पैसे तिच्या बापाचेच ना?"

"त्याचेच. पण अधिकार माझा. तुम्ही तुमच्या कुरडया बघा."

माझं डोकंच फिरलं. वर येऊन अर्ज नीट वाचला. समासात हिरव्या, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "दिवाळीत पाया पडायला आली नाही. सबब नामंजूर." खाली सही, तारीख. मर्जी त्यांची असली तरी ती शिक्षणापुरतीच; पाया पडली नाही म्हणून फी अडवणं कोर्टात टिकणार नव्हतं, आणि ते कारण काकांनी स्वतःच सहीनिशी लिहून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या अर्जाच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि पोरीला स्कूटरवर बसवून शरणपूर रोडला वकीलबाईंकडे नेलं.