हार घातलेला कॉम्प्युटर आणि हॅम्बुर्गची बोट

माझ्या नाकावर राग असायचा, हे आधीच सांगून टाकते. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी बेळगावहून बंगळूरला नोकरीला आले. जयनगरात एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस. लोकांचा माल परदेशी पाठवायची सोय करून देणं हा धंदा. माल कारखान्यातून कंटेनरमध्ये, कंटेनर व्हाइटफील्डच्या डेपोतून रेल्वेनं मद्रासला, तिथून बोटीवर. ह्यातलं आमच्या मालकीचं काहीच नव्हतं. ना लॉरी, ना कंटेनर, ना बोट. आम्ही फक्त सगळ्यांची गाठ घालून द्यायचो.

माझ्या आधी वीस वर्षं हे काम अण्णा करत होते. अण्णा म्हणजे आमचे हेड क्लार्क, मंड्याकडचे. बोट कधी लागणार हे विचारायला ते मद्रासला तीन ठिकाणी फोन लावायचे, तिघांनी सांगितलेले तीन वेगळे दिवस लिहून घ्यायचे आणि मधला दिवस धरायचे. गंमत म्हणजे बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा.

मी लागले त्याच वर्षी मालकांनी कॉम्प्युटर आणि मोडेम घेतला. बोट कंपनीनं एजंटांसाठी एक सिस्टीम काढली होती. फोनची वायर मोडेमला जोडायची, तो बराच वेळ खरखर करायचा, आणि लागलाच तर पडद्यावर सगळं एका जागी दिसायचं: बोट कुठल्या बंदरात आहे, आपला कंटेनर कुठं आहे, मद्रास बंदराचं गेट कधी बंद होणार, म्हणजे त्या बोटीचा माल कधीपर्यंत आत घेणार. बोट कंपनीचा सिंगापूरचा एजंट, मद्रासची माणसं आणि जयनगरातली मी, सगळे एकच पान बघतोय! मला त्याचं वेडच लागलं. रोज सकाळी आणि दुपारी चारला मी ते पान उघडायची आणि अण्णांनी न विचारता त्यांना मोठ्यांदा वाचून दाखवायची. अण्णा त्याला टीव्ही म्हणायचे. मी घरी गेले की त्यावर टॉवेल टाकून ठेवायचे. त्या टॉवेलवरून आमचं आठवड्यातून एकदा तरी वाजायचंच.

मग दसरा आला. आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात, तशी तिकडं आयुधपूजा, आणि बंगळूरकर ती काय झोकात करतात म्हणता! आदल्या दिवशी दुपारपासून आम्ही ऑफिस धुऊन काढलं. सकाळी टाइपरायटर, टेलेक्स, स्टेपलर, मालकांची स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. अण्णांनी झेंडूचा सगळ्यांत मोठा हार उचलला. तो टाइपरायटरला जाणार हे मी धरूनच चालले होते. त्यांनी तो कॉम्प्युटरला घातला, कीबोर्डला कुंकू लावलं आणि हात जोडले. खरं सांगते, मला भरून आलं. पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, असा आमच्या ऑफिसचा नियम. मी इतकी खूश की मोडेमची वायरसुद्धा मीच काढून ठेवली. धुण्यापुसण्याच्या गडबडीत आदल्या दिवशीचं चारचं पान बघायचं राहिलंय, हे डोक्यातही आलं नाही.

बाराच्या सुमारास आम्ही प्रसादाची कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे-डाळे, खात बसलो होतो तेव्हा अक्का आल्या. चन्नपट्टणला त्यांचा लाकडी खेळण्यांचा लहानसा कारखाना होता, लाकूड कातायच्या लेथवर अठरा माणसं. त्यांचा पहिलाच कंटेनर हॅम्बुर्गला निघाला होता, तिथल्या नाताळच्या बाजारासाठी. तो सील होऊन व्हाइटफील्डला उभा होता आणि परवाच्या रेल्वेनं मद्रासला जायचा होता. पूजेच्या दिवशी बाई दोन तास बसमधून कशाला आल्या, ते मला कळेना. बसल्या बसल्या म्हणाल्या, माझी बोट कुठवर आली ते स्वल्प बघतेस का.

मी सांगितलं, आज नाही, उद्या. वर तोऱ्यात हेही ऐकवलं की बोट कुठं पळून जात नाही. अक्का मऊ बाई, भांडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. चुरमुऱ्यांच्या कागदाची घडी घालत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता हळूच बोलल्या.

"ही बोट चुकली तर गिऱ्हाईक हा माल घेणार नाही आणि पुढचाही नाही. तसं लिहूनच आलंय. आठ दिवस झाले, पुढच्या मालाचं लाकूड येऊन पडलंय, पण ते कापायचा धीर होत नाही म्हणून मी लेथ बंद ठेवल्यात. अठरा घरं आहेत ग. मला झोप लागत नाही."

एवढं ऐकूनही मी हलले नाही. आज सांगायला लाज वाटते. अण्णांनी पहिल्यांदा त्या यंत्राला मान दिला होता, तो मीच कसा मोडू, असं माझं चाललं होतं.

उठले ते अण्णाच. स्कूटरच्या पूजेला आणलेल्या लिंबांतलं एक उरलं होतं, ते घेऊन आले. तिकडं गाडीची पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवतात आणि ते चिरडत गाडी पुढं नेतात. अण्णांनी लिंबू कीबोर्डसमोर ठेवलं आणि तळहातानं दाबून फोडलं. टेबलभर रस झाला.

"गाडी चालवल्याशिवाय तिची पूजा पुरी होत नाही," ते म्हणाले. "ह्याचं काम बोट बघायचं आहे. लाव ती वायर."

मोडेम तिसऱ्या खेपेला लागला. झेंडू बाजूला सारून मी वाचलं आणि तोंडचं पाणीच पळालं. बोट मधलं एक बंदर सोडून सरळ मद्रासला येत होती. गेट आधी ठरल्याप्रमाणे शनिवारी नव्हे, उद्या संध्याकाळी पाचला बंद होणार होतं. परवाची रेल्वे आमच्या काहीच कामाची नव्हती. आणि हा निरोप येऊन पडला होता काल दुपारीच, साडेतीनला.

मला वाटलं अण्णा आता सोलून काढतील. पण त्यांनी दुसऱ्या लाइनवरचा फोन ओढून घेतला. डेपोतल्या ड्यूटीवरच्या साहेबाशी घरच्यासारखं बोलून त्यांनी कंटेनर रस्त्यानं न्यायची परवानगी मिळवली. मी सिस्टीममध्ये रेल्वे काढून लॉरी घातली, तसं सिंगापूरला कळवलं, आणि दहा मिनिटांत तिथून उत्तर आलं की मद्रासच्या गेटाला नवा निरोप गेलाय. राहिला ट्रेलर. झाली का पंचाईत! गावातल्या सगळ्या लॉऱ्या पूजेचे केळीचे खांब बांधून उभ्या. अण्णांनी पाच जणांना फोन केले. सहावा ड्रायव्हर होसकोटेचा. तो म्हणाला, पूजा आत्ताच झालीय, लिंबं चिरडत कुठंतरी न्यायचीच आहे, मग मद्रासला नेतो.

मी अक्कांची माफी मागितली, अगदी रडवेली होऊन. त्यांनी पाठीवर हात ठेवला, सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणाल्या आणि ट्रेलर डोळ्यांनी बघायला तडक व्हाइटफील्डला गेल्या. चारला तो डेपोतून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी मी ते पान किती वेळा उघडलं त्याला गणती नाही. दोन वाजता आमच्या कंटेनरच्या नंबरापुढं आलं की तो गेटातून आत गेला. त्याच्या पुढच्या सकाळी आलं की बोटीवर चढला. जीव भांड्यात पडला. मी अण्णांना वाचून दाखवलं. ह्या वेळी त्यांनी चष्मा लावला आणि स्वतः येऊन वाचलं.

मग चन्नपट्टणला फोन लावला. अक्कांनीच उचलला. मी सांगितलं, माल बोटीवर चढला. आणि पडद्यावरचं पुढचंही वाचून दाखवायला लागले.

"थांब," अक्का म्हणाल्या. "हे तू माझ्या कारखान्यातल्या माणसांना सांग. आठ दिवस मी सगळं ठीक आहे, ठीक आहे म्हणतेय. आता माझ्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही."

त्यांनी रिसीव्हर कारखान्यात समोर धरला असणार. मी उभी राहिले आणि माझ्या बेळगावी कन्नडमध्ये घसा फाडून सांगितलं की तुमची खेळणी हॅम्बुर्गच्या बोटीत आहेत, मी आत्ता बघितलं. मग एक लेथ सुरू झाल्याचा आवाज आला, मग दुसरीचा, मग इतक्यांचा की अक्का काय म्हणताहेत ते मला ऐकू येईना. मी फोन ठेवला नाही, तशीच ऐकत उभी राहिले.