टीव्हीवर दिसलेला कोट

केटा गावात कुणी वारलं, की घरचे दफनाचं पोस्टर करायला काफुईच्या दुकानात येत. मयताचा फोटो घ्यायचा, मागं निळं आभाळ टाकायचं, खाली नातेवाइकांची नावं. नवरा गेल्यावर दोन्ही मुली तिनं याच कामावर वाढवल्या.

एका दुपारी गेलेली वीज दणक्यात परत आली आणि तिच्या कॉम्प्युटरचा पडदा कायमचा काळा पडला. डबा घरघरत होता, दिसत काहीच नव्हतं. शनिवारची दफनं तोंडावर आली होती. काफुईनं घरचा टीव्ही चादरीत गुंडाळला आणि तीनचाकीत घालून दुकानात आणला.

शेजारचा रेडिओ दुरुस्त करणारा सेन्यो मदतीला आला. वायर जोडली, तर टीव्ही म्हणे सिग्नल नाही.

"एफो सेन्यो, दादा, हाही मेला का?" काफुईनं विचारलं.

"मरतोय कशाला! अजून अँटेनाच शोधतोय तो. रिमोट आण इकडे."

सेन्योनं बटणं दाबून टीव्हीला कॉम्प्युटरकडे वळवलं. चित्र आलं, पण कडा कापलेल्या. नावांची पहिली अक्षरं गायब. तेही त्यानं सेटिंगमध्ये शिरून बसवलं. टेबलावर ठेवला तर डोळ्यांतून पाणी येई, म्हणून टीव्ही समोरच्या भिंतीवर गेला. आता बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांनाही सगळं दिसू लागलं.

पहिलंच काम एका म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरचं होतं. राजधानी अक्राहून आलेला त्याचा मुलगा एडेम आणि ड्रायव्हरची बायको अब्लावी बाकावर टेकले. काफुईनं नेहमीप्रमाणे ड्रायव्हरच्या अंगावर काळा कोट आणि टाय चढवला.

"हा कुणाचा कोट?" अब्लावीनं विचारलं. तिला कमी दिसायचं, पण एवढं मोठं दिसत होतं.

"बाबांचाच समज, आई. छान दिसतात."

"जन्मात कोट घातला नाही त्यांनी."

बाकाच्या टोकाला झेरॉक्ससाठी आलेली मासेवाली बसली होती. ती पुढं वाकली. "थांबा. हा कोट माझ्या भावाला घातला होता! खिशातला रुमालसुद्धा तोच. आणि त्या मास्तरांनाही हाच होता की गं!"

काफुईचे कान तापले. "एकच कोट आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "आजवर कुणी विचारलं नव्हतं."

अब्लावीच आधी हसली. "काढ गं तो. उकडत असेल त्यांना."

"डा काफुई, ताई, राहू दे कोट," एडेम वैतागला. "माझे साहेब येणारेत. बाबांना ग्रीस लागलेल्या शर्टात दाखवू?"

"साहेब बघतील एकदा आणि जातील," अब्लावी म्हणाली. "घरात ते पोस्टर मला बघायचंय."

काफुईनं कोट उतरवला. खालून ट्रकच्या दाराला टेकलेला, चौकड्याच्या शर्टातला माणूस निघाला. बाहीवरचं ग्रीस तिनं हळूच पुसलं. ते मायलेक दोघांनाही चाललं.

बातमी बाजारभर झाली. जो तो मयताचे खरे कपडे मागू लागला, जुने फोटो शोधून आणू लागला. एकेका पोस्टरला दुप्पट वेळ जाई आणि काफुई चिडचिड करी. पुढं सेन्योनं एक जुना पडदा स्वस्तात मिळतोय म्हणून सांगितलं. तिनं घेतला नाही; बाकावरच्यांना दिसायला हवं, म्हणाली, आणि टीव्ही दुकानातच राहिला. मुली मालिका बघायला शेजारी जाऊ लागल्या, आणि त्यावरून घरात बरेच दिवस कुरकुर चालली.