वणीला रेल्वे नाही

त्या पेटीवाल्याने मला फसवले. एका तांब्याच्या घंगाळापायी फसवले, आणि हे मी नाशकातल्या कुठल्याही दुकानाच्या पायरीवर उभा राहून सांगेन. डोक्यावरून भांडी विकत मी दुकान उभे केले. मला फसवणारा आजवर हा एकच निघाला.

त्याची पेटी म्हणजे अकॉर्डियन, छातीला बांधून भात्यासारखी ताणायची. मनमाडच्या रेल्वेतला एक गोरा साहेब विलायतेला जाताना ती देऊन गेला, पण साहेबाचे नाच पेटीतच राहिले. बोलपट येईपर्यंत हा मुक्या सिनेमापुढे वाजवायचा. पडद्यावर लग्न असो की मयत, हात थांबवायचा नाही, ही तिथली सवय. त्यामुळे त्याची लावणी पलटणीच्या कवायतीवर संपे आणि भारूड मध्येच गोऱ्या मडमेसारखे गिरक्या घेई. हटकले तर म्हणे, "चाल मी धरतो शेठ, वळण पेटी घेते."

थोरल्याच्या लग्नाचा गोंधळ मी त्यालाच दिला. संबळ, तुणतुणे आणि गाणारा यांना तीन वाटे द्यावे लागतात, हा एकटा. घासाघीस करून त्याला एका घंगाळावर आणला.

"पण देव सगळे आले पाहिजेत," मी बजावले.

"ओळीने आणतो, शेठ."

गोंधळात गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलावतात. याने आगगाडीच्या ओळीने बोलावले. कोल्हापूरची अंबाबाई आली, जेजुरीचा खंडोबा आला, आणि मनमाडला गाणे थांबून साहेबी नाच सुरू झाला. तो काही संपेना.

"अरे, पुढे चल की."

"गाडी बदलायची आहे, शेठ. देवांना फलाटावर नुसतं कसं बसवायचं?"

मग लासलगाव, निफाड, नाशिक रोड, आणि आरती. एवढ्यात आमच्या मंडळी म्हणाल्या, "वणीची आई राहिली."

वणीची देवी आमची कुलदेवी.

"वहिनी, वणीला रेल्वे नाही," तो म्हणाला.

देवी आल्याशिवाय नवी सून चुलीला हात लावणार नाही, असे मंडळींनी तिथेच जाहीर केले. "मग चालत जाऊन आणतो," म्हणून तो पहाटे निघाला. छातीवर पेटी, डोक्यावर पालथे घंगाळ.

"घंगाळ ठेवून जा," मी ओरडलो.

"देवीचे पाय कशात धुवायचे, शेठ?"

त्यानंतर दिवाळी आली, गेली, पुन्हा आली. सून झोपाळ्यावर बसून तो मनमाडचा नाच गुणगुणते. मंडळी रागारागाने भाकरी थापतात, आणि करपलेली माझ्या ताटात येते. दुसरा गोंधळी बोलवू म्हटले, तर म्हणतात, "देवीला आणायला माणूस गेलाय. मध्येच दुसऱ्याने हाक मारली, तर तिने यायचं कोणाबरोबर?"

वणीच्या गडावरून आलेला एक माळी सांगत होता, पेटीवाला पायथ्याशीच बसलेला असतो. देवी निघायला उठते, तेवढ्यात हा नवी चाल धरतो, आणि ती ऐकत थांबते.

गिऱ्हाईक नसले की हल्ली माझा कान वणीहून येणाऱ्या दिंडोरीच्या रस्त्याकडे लागतो. आमच्या चुलीचा जाब कोणी द्यायचा? देवीला विचारायची माझी छाती नाही. तेव्हा वणीला जाणाऱ्याने त्यालाच सांगावे, शेठने जाब द्यायला बोलावले आहे. वाजवत आलास तरी चालेल.