नमुन्याची द्राक्षं

"एकोणीस," नितीन सर म्हणाले आणि रिफ्रॅक्टोमीटर माझ्या हातात दिला. "तुम्हीच बघा."

मी बघितलं. एकोणीसच होते. दुसऱ्या क्रेटमधले चार मणी चुरगाळून पुन्हा थेंब टाकला. साडेअठरा.

लातूरजवळच्या एका वायनरीच्या गेटवर हंगामातली पहिली गाडी उभी होती. गाडीत उदगीरकडच्या बसलिंगअप्पांच्या बागेतली द्राक्षं. अप्पा आमच्या द्राक्ष व वाईन उत्पादक संघाचे अध्यक्ष, मी संघाची तांत्रिक अधिकारी, आणि नितीन सर वायनरीचे वाईनमेकर. अप्पांच्या मालाची साखर तेवीसच्या वर आहे, तोडायला हरकत नाही, असं वायनरीला मीच कळवलं होतं. माझ्या सहीनं.

रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे छोट्या टॉर्चएवढी नळी. एका टोकाला रसाचा थेंब टाकायचा, ते टोक उजेडाकडे धरायचं आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. रसात साखर किती, तो आकडा दिसतो. त्याला आम्ही ब्रिक्स म्हणतो. साखरेचीच पुढे वाईन होते, त्यामुळे साखर कमी तर वाईन पाणचट. वायनरीची अट बावीसची. आंबा अढीत घातला की पिकतो, द्राक्षाचं तसं नाही. वेलावरून उतरलं की जसं आहे तसंच राहतं. शिवाय ही वाईनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांनी भरलेली. मंडईत नेली तर गिऱ्हाईक एक तोंडात टाकेल आणि थुंकत पुढच्या हातगाडीकडे जाईल. म्हणजे वायनरीनं गाडी परत पाठवली की तो माल उकिरड्यावरच.

आमच्या संघात द्राक्ष पिकवणारेही सभासद आहेत आणि वाईन करणारेही. विकणारा आणि घेणारा एकाच संघात कसे, असं बाहेरचे लोक विचारतात. तेच तर आमचं काम. गेटवर भांडण होऊ नये म्हणून सगळं आधी ठरवून द्यायचं. शेतकऱ्यानं नमुना संघाच्या ऑफिसात आणायचा, मी साखर मोजायची, आणि वायनरीनं माझा आकडा मानायचा. दोन्ही बाजूंना मान्य असलेला आकडा, एवढीच संघाची इस्टेट. ती आज माझ्या डोळ्यांदेखत बुडत होती.

"मॅडम, नमुना एका बागेचा आणि माल दुसऱ्या बागेचा, हा प्रकार मी दुसरीकडेही पाहिलाय," नितीन सर म्हणाले. माणूस तसा शांत, पण आवाज चढला होता. "अध्यक्षच असं करणार असतील तर बाकीच्यांचं काय? उद्या सकाळी आणखी तीन गाड्या यायच्यात. मी मालकांना सांगतो, संघाचा आकडा आम्हाला मान्य नाही."

"थोडं थांबा. मला अप्पांशी बोलू द्या."

"बोला. पण गाडी आत येणार नाही."

ड्रायव्हर युनूसभाई खाली उतरून क्रेटवर हात ठेवून बघत होते. "मॅडम, माल तापायलाय. सावलीत लावू का वापस फिरवू, एक काय ते सांगा."

मी त्यांना गाडी वजनकाट्याच्या शेडमध्ये लावायला सांगितली. त्यांनी न विचारता गोणपाटं ओली करून क्रेटवर टाकली.

अप्पा मागून त्यांच्या जीपनं आले. कपाळावर विभूती, पांढरंशुभ्र धोतर, पहिला माल घालायचा म्हणून नवी टोपी. या माणसानं जन्मात वाईन चाखलेली नाही. 'आपलं काम पिकवायचं, पुढं काय करायचं ते करणाऱ्याकडं' असं म्हणून त्यांनी आधी स्वतः बाग लावली आणि मग आसपासच्या शेतकऱ्यांना तयार केलं. तारा, अँगल, ठिबक, सगळं लोकांनी अप्पांच्या शब्दावर उभं केलं होतं. पहिलीच गाडी परत गेली असती तर पुढच्या वर्षी कुणी बागेला कात्री लावली नसती, थेट कुऱ्हाड लावली असती. आणि अप्पांना गावात तोंड दाखवता आलं नसतं.

मी त्यांना बाजूला घेतलं. कसं विचारावं ते सुचेना. शेवटी सरळच विचारलं, "अप्पा, माल तुमच्याच बागेतला आहे ना?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, हे इचारायला मला बाजूला घेतलं का तुमी?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. "साखर कमी आलीय अप्पा. एकोणीस. नमुन्यात तेवीस होती. नमुना कुणी तोडला होता?"

"मीच की! दुसऱ्याच्या हाती देतो व्हय? सारा मळा हिंडलो, ह्या वेलाचा एक मणी खाऊन बगितला, त्या वेलाचा बगितला. लई ग्वाड लागले तेच घड उचलले. धुतले, डब्यात घातले, मंग पाठवले."

"सगळ्यात गोड तेच?"

"मंग? तुमच्याकडं पाठवायचं म्हणल्यावर आंबट पाठवू का? पाव्हण्याच्या हातावर कुणी आंबट ठेवतेत का?"

ते अभिमानानं सांगत होते. माझ्या डोळ्यांसमोर ऑफिसात आलेले सगळे नमुने उभे राहिले. स्टीलचे डबे, वर स्वच्छ फडकं, एकात तर देठाला हिरवं पानही ठेवलेलं. खरा नमुना असा नसतो. त्यात प्रत्येक ओळीतले मणी लागतात, उन्हातले आणि सावलीतले, घडाच्या खांद्याचे आणि शेंड्याचे, गोड तितकेच आंबट. बैठकीत हे मी समजावून सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन रीतीप्रमाणे वागले.

खात्री करावी म्हणून मी गंगाधररावांना फोन लावला. दुसऱ्या दिवशीच्या तीन गाड्यांत त्यांची एक होती.

"गंगाधरराव, नमुना कसा काढला होता तुम्ही?"

"लई ग्वाड होते ना मॅडम?" ते खुशीत म्हणाले. "आमच्या मंडळीनं ओळी हिंडून येचले. खाल्ले का न्हाई?"

प्रश्न एका गाडीचा नव्हताच. माझे सगळेच आकडे खोटे होते आणि लबाडी कुणीच केली नव्हती.

मी नितीन सरांच्या केबिनमध्ये गेले आणि झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहरा बदलला नाही.

"मॅडम, माझ्या टाकीला पाहुणचार कळत नाही."

"तुम्ही मागच्या हंगामात अप्पांच्या बागेत गेला होता ना? तेव्हा काय दिलं खायला?"

"द्राक्षं."

"कशी होती?"

"गोड होती. फार गोड."

"तेव्हा तर अप्पांना तुमच्याशी कसला सौदाही करायचा नव्हता."

त्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. लोखंड तापलंय असं वाटून मी पुढचं विचारलं. फसफसणारी वाईन असते, जिच्या बाटलीचं बूच उडतं, तिला कमी साखरेचा आणि जरा आंबट मालच लागतो. हा माल त्यात चालणार नाही का?

"चालेल. पण यंदा आमचा तो प्लॅन नाही."

"टाकी रिकामी आहे?"

"लहान एक आहे." त्यांनी मालकांना फोन लावला आणि बोलत बोलत बाहेर गेले. मी काचेतून त्यांच्या हातवाऱ्यांवरून अंदाज बांधत बसले. समोरचा चहा निवून गेला. शेडमध्ये अप्पा उभेच होते. वॉचमननं दिलेल्या खुर्चीवर ते बसले नाहीत.

नितीन सर परत आले. "ही एक गाडी घेतो. दर फसफसणाऱ्या वाईनचा, म्हणजे कमी. उद्याचा माल बावीसच्या खाली आला तर मात्र गेट उघडणार नाही. तेव्हा मला फोन करू नका."

मी अप्पांना सांगितलं. दराचं त्यांनी विचारलंच नाही. "आमाला लबाड म्हणले का ते?" एवढंच विचारलं. माझी नजर केबिनकडे गेली. ते सरळ नितीन सरांसमोर गेले.

"सायेब, बागेत चला. तुमाला वाटंल त्या वेलाला हात घाला, तुमच्या हातानं तोडा. मी फाटकापाशी बसतो, आत येत न्हाई."

नितीन सर ओशाळले. "उद्या येतो," म्हणाले.

एक गाडी निभावली. पण उद्याची तोडणी थांबवायला हवी होती, आणि तोवर उदगीरच्या बाजूनं आभाळ भरून आलं होतं. हवामानाचा मेसेज गारपिटीची शक्यता सांगत होता. तोडा म्हणावं तर गाडी गेटवरून परत. थांबा म्हणावं तर वर गारा. इकडे आड तिकडे विहीर. मी एकेकाला फोन करत सुटले.

"मजूर सांगितलेत, क्रेट येऊन पडलेत, आभाळ हे असं, आन् तुमी थांबा म्हणायलाव?" गंगाधरराव म्हणाले. मघाची खुशी कुठल्या कुठे गेली होती.

"थांबा. आत्ता तोडलं तर माल परत येईल."

"आन् गारा पडल्या तर? संघ भरून देणार हाय का?"

"नाही," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? संघाकडे माझा पगार सोडला तर देण्यासारखं काही नाही.

त्यांनी फोन ठेवला. पण ते थांबले. सगळेच थांबले. मला त्याचीच जास्त भीती वाटली. ऐकलं नसतं तर जबाबदारी त्यांची होती, आता माझी झाली.

दुसऱ्या दिवशी नितीन सर आणि मी बागा फिरलो. प्रत्येक ओळीत वाकून, पानाआडचे, खोडापाशी लोंबणारे, सगळे मणी पिशवीत टाकले. कुणाचे वीस, कुणाचे साडेएकोणीस. अजून आठवडाभर तरी ऊन हवं होतं. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. जेवण जाईना. घरात भांडं पडलं तरी मी खिडकीकडे धावायची. निलंग्याकडे गारा पडल्याचं कळलं तेव्हा आधी हायसं वाटलं आणि मग हायसं वाटल्याची लाज वाटली. तिथंही कुणाच्या तरी बागा होत्या.

आमच्याकडे गारा आल्या नाहीत. पाऊस आला, तोही मोजक्याच शिवारात, आणि नेमका गंगाधररावांच्या बागेवर. पिकत आलेला मणी पाणी पिऊन तडकतो आणि तडकलेला घड सडायला लागतो. त्यांचा निम्मा माल गेला. उरलेला वायनरीनं घेतला. अप्पांच्या बागेतला राहिलेला आणि बाकीच्यांचा माल बावीसच्या वर भरला, गेटवर एकही गाडी अडली नाही. वायनरीनं पुढच्या हंगामाचा करारही केला. गंगाधरराव अजून माझा फोन उचलत नाहीत. त्यांना काय सांगायचं ते मलाही अजून सुचलेलं नाही.

हंगाम संपल्यावर संघाची बैठक झाली. नमुना यापुढे कुणी तोडायचा, हा एकच विषय. वायनरीची माणसं तोडतील, असं नितीन सर म्हणाले. शेतकरी उसळले, "म्हंजे आमच्यावर इश्वास न्हाई?" शेतकऱ्यांनीच तोडावा म्हटलं तर नितीन सर हो म्हणायला तयार नाहीत. मी एकटी एवढ्या बागा फिरणं शक्य नव्हतं. बराच वेळ गलका झाला. मग अप्पा म्हणाले, "माझ्या बागेत माझा हात ग्वाड घडाकडंच जाणार. मी ठरवलं तरी जाणार. शेजाऱ्याला तोडू द्या."

"शेजाऱ्याशी पटत नसलं तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"मंग तर लईच चांगलं," अप्पा म्हणाले.

आता संघाचा तोच नियम आहे. बांधावरून ज्याच्याशी भांडण चालू आहे, त्याला नमुना तोडायला पाठवायचं. दुसऱ्याच्या बागेतला आंबट मणी शोधण्यात त्याचा हात कुणी धरू शकणार नाही. आकडा कधी कधी खऱ्यापेक्षा अर्धा-एक ब्रिक्स कमीच येतो, तेवढी तोडणी दोन-तीन दिवस लांबते. पण कमी आलेल्या आकड्यापायी गेटवर गाडी अडत नाही.